परमुलुखाविषयी विचारले जाणारे प्रश्न

मनुष्य परमुलुखी जावयास निघाला म्हणजे त्याच्या सामानाची बांधाबांध होण्यापूर्वीच त्याच्यावर प्रश्नांचा वर्षाव होऊ लागतो. तिकडे भात मिळतो काय? थंडी सोसेल काय? तिकडची भाषा न कळली तर कसे? पैसा किती लागेल, आणि तो बुडाला तर? धर्म राहील काय? आणि सर्वांत शेवटी, बहुधा आईच्या तोंडून, हलक्या आवाजात येणारा प्रश्न असा की, गेलेला मुलगा परत येईल काय? दहावी-बारावीच्या वर्गांतील मुलामुलींचे आईबाप शाळेत येतात तेव्हा हेच प्रश्न आम्हां शिक्षकांपुढे मांडतात. ते भाबडे आहेत असे समजून त्यांस हसणारे लोक पुष्कळ आहेत. आमच्या मते ते हसण्यासारखे नसून भूगोलाच्या पुस्तकातील अर्ध्याअधिक प्रकरणांचे सार आहेत. म्हणून यंदाच्या अंकात त्यांचा थोडा विचार करावा असे योजिले आहे.

हे प्रश्न नवीनही नव्हेत. ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगाल्यातील सेरामपूर येथे कॉलेजाच्या दिवाणखान्यात एक मराठी स्त्री इंग्रजीत भाषण करावयास उभी राहिली. तिचे वय तेव्हा अठरा वर्षेही पुरे नव्हते. ह्याच सेरामपुरास विल्यम केरी ह्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून काढिले होते. तेथील कॉलेजही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली स्थापिले. भाषण करणारी स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव हे टपालखात्यात नोकर असून त्यांची बदली तेथे झाली होती. बाई वैद्यकी शिकण्याकरिता अमेरिकेस जाणार, ही वार्ता गावात पसरली होती आणि लोकांनी प्रश्न विचारून त्यांस भंडावून सोडिले होते. म्हणून बाईंनी ते प्रश्न स्वतःच एकत्र करून सभेपुढे ठेविले. मी अमेरिकेस का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय? तिकडे काही संकट ओढवले तर काय करीन? माझ्या जातीच्या कोणा स्त्रीने जे केले नाही ते मीच का करावे?

ह्या सहा प्रश्नांत आजच्या पालकांचे सर्व प्रश्न येऊन जातात, हे कोणासही दिसेल. बाईंची उत्तरेही पाहण्यासारखी आहेत. शिकण्याच्या सोयीविषयी त्यांनी सांगितले की, जी थोडी सोय आहे ती स्त्रीस पुरी पडणारी नाही. हातात पुस्तक घेऊन रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीस ह्या देशात जी चेष्टा सोसावी लागते ती त्यांनी स्वतः सोसली होती. एकटीच जाण्याचे कारण सरळ होते: गोपाळरावांवर वृद्ध आई व धाकटे भाऊ ह्यांचा भार होता, आणि दोघांच्या भाड्यापुरता पैसा नव्हता. जातीबाहेर टाकण्याच्या धाकास त्यांनी दिलेले उत्तर तर मोठे बाणेदार आहे. मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. माझा पेहराव व आहार बदलणार नाही. एवढे असूनही कोणास मला वाळीत टाकावयाचे असेल तर त्याने माझी परत येण्याची वाट का पाहावी, आजच का टाकू नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. संकट तर घरी बसल्यावरही येते, हे त्यांचे पाचव्या प्रश्नाचे उत्तर.

आता ही ओळख अमेरिकेत झाली कशी? गोपाळरावांनी पूर्वी वाइल्डर नावाच्या मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून आपल्या पत्नीच्या शिक्षणाविषयी मदत मागितली होती. हे गृहस्थ कोल्हापुरास पुष्कळ वर्षे राहून स्वदेशी परतले होते आणि तेथे एक मासिक काढीत असत. त्यात ते पत्र छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटर बाई एकदा दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत मासिक चाळीत बसल्या असता ते पत्र त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. पुढे आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. दात दुखल्यामुळे एका मराठी मुलीस सातासमुद्रांपलीकडे मावशी मिळाली, असे म्हटले तरी चालेल.

ता. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडिले व ता. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कास उतरल्या. म्हणजे ५८ दिवस पाण्यावर व वाटेतील मुक्कामांत गेले. सुवेझचा कालवा १८६९ साली झाला नसता तर ह्याहून कितीतरी अधिक काळ लागता, कारण आफ्रिकेस वळसा घालावा लागला असता. आज मुंबईहून निघालेले विमान सुमारे १६ तासांत न्यूयॉर्कास पोहोचते. तरीपण एका गोष्टीत जुना प्रवासी सुखी होता. बोट रोज थोडी पुढे सरकते, त्यामुळे घड्याळही रोज थोडेथोडे सरकवावे लागे आणि शरीरास नवीन वेळेची सवय आपोआप होई. विमानाने जाणाऱ्याचे शरीर गोंदियाच्या वेळेवरच असते. तेथे भर दुपारी त्यास झोप येते व मध्यरात्री भूक लागते. ह्यास चार-आठ दिवस लागतात. तो काही रोग नव्हे.

वेळेचा विषय निघाला आहे तर तो येथेच पुरा करू. कारण वर्गात सर्वांत अधिक गोंधळ ह्यातच होतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास ४ मिनिटे. भारताची प्रमाण वेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि ती ग्रिनिचच्या वेळेपुढे साडेपाच तास असते. आपले गोंदिया सुमारे ८०.२ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या पश्चिमेस २.३ अंश आहे. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या मागे सरासरीने ९ मिनिटे असतो: घड्याळात १२ वाजून ९ मिनिटे झाली म्हणजे आपल्याकडे खरी दुपार. ही प्रमाण वेळ ता. १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईची वेळ निराळी व कलकत्त्याची निराळी असे. शेजारच्या नेपाळचे घड्याळ आपल्या १५ मिनिटे पुढे, जपानचे साडेतीन तास पुढे. इंग्लंड व अमेरिका येथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करून ठेवितात, त्यामुळे न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे राहते. परदेशी असलेल्या भावास फोन करताना ‘काल तर ह्याच वेळी जागा होता, आज झोपलेला कसा?’ अशी तक्रार मार्च व नोव्हेंबर महिन्यांत घरोघर ऐकू येते, तिचे कारण हे.

थंडीचा प्रश्न. डिसेंबरातील पहाटे नागझिऱ्याच्या किंवा नवेगावबांधच्या बाजूस शेकोटीवाचून बसवत नाही, तेव्हा आपणांस वाटते की थंडी म्हणजे हीच. परंतु हिशेब करून पाहा. ता. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेस साडेतेवीस अंशांवर असतो. गोंदिया उत्तरेस साडेएकवीस अंशांवर आहे. दोहोंची बेरीज ४५, ती ९० मधून वजा केली म्हणजे दुपारी सूर्य क्षितिजावर ४५ अंश चढलेला दिसतो. फिलाडेल्फिया ४० अंशांवर आहे. तेथे तो जेमतेम साडेसव्वीस अंश चढतो. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर; तेथे अवघे १५ अंश, म्हणजे भर दुपारी आपल्याकडील सकाळच्या आठ-साडेआठच्या सूर्याइतका. तिरपी किरणे व आठ तासांचा दिवस: ऊब येणार कोठून? पाणी गोठते, बर्फ पडते, रस्ते निसरडे होतात. आनंदीबाईंनी प्रतिज्ञेप्रमाणे लुगडे सोडिले नाही. परंतु नऊवारी लुगड्याने पाय उघडे राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने ते नेसावयास आरंभ केला. एवढ्यावरूनही गोपाळराव पत्रांतून रागावले. घरी बसून तिकडच्या थंडीविषयी मत देणे सोपे असते!

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. ता. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. परंतु त्यांस क्षयाने गाठिले होते. त्याच वर्षाच्या शेवटी त्या परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही ठरली होती. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, त्या पुण्यास निवर्तल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठविली, आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. आज तोच रोग सहा-आठ महिन्यांच्या औषधांनी बहुधा बरा होतो. म्हणून ‘आनंदीबाईंचे काय झाले ठाऊक आहे ना?’ असे म्हणून मुलीस घरी बसविणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा. पण मुलीनेही गरम कपड्यांच्या पैशात काटकसर करू नये आणि खोकला चार दिवसांहून अधिक राहिला तर ते घरी कळवावे. दुःख लपविण्याची आपल्या मुलींस वाईट खोड असते.

भाषेच्या प्रश्नास पंडिता रमाबाईंचे चरित्र हेच उत्तर आहे. १८८२ साली पुण्यास हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे बाईंची साक्ष झाली ती मराठीत. पुढल्याच वर्षी त्या दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या, इंग्रजी शिकल्या, आणि चेल्टनमच्या स्त्रियांच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. १८८७ साली त्यांनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक फिलाडेल्फियास प्रसिद्ध झाले. मराठीत साक्ष देणाऱ्या बाईस इंग्रजी ग्रंथ लिहिण्यास पाच वर्षे पुरली. संस्कृताचा पाया पक्का होता हे खरे. पण आपल्या जिल्ह्यातील मुलाचा पाया काही लहान नाही. तो घरी पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलतो, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजी. ज्यास चार भाषांचे वळण आहे त्याने पाचवीस भ्यावे काय? जर्मनीत किंवा जपानात जाणाऱ्याने तेथील भाषा येथूनच शिकून जावे, एवढीच आमची सूचना आहे. इंग्रजीने सर्व जग चालते ही समजूत चुकीची आहे.

पैशाविषयी बोलावयाचे तर आनंदीबाईंनी आपले सोन्याचे दागिने विकून भाडे उभे केले, आणि रमाबाईंनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या पुस्तकाच्या विक्रीतून. दोघींनीही सावकारापुढे पदर पसरला नाही. सांप्रत शिक्षणाकरिता बँका कर्ज देतात, शिष्यवृत्त्याही आहेत. तथापि शेत गहाण टाकून, कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे नीट न पाहता मुलास विमानात बसविणे म्हणजे धानाचे बियाणे न पारखता पेरण्यासारखे आहे. आणि तेथील कमाईस येथल्या रुपयांनी गुणून हुरळून जाऊ नये. तेथील खोलीचे भाडे व दवाखान्याचे बिलही त्याच गुणाकाराने गुणावे लागते.

आनंदीबाईंच्या काळी नसलेला एक प्रश्न आता उत्पन्न झाला आहे, तो कागदपत्रांचा. तेव्हा बोटीचे तिकीट घेतले की मनुष्य निघे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या कायद्याने, येथे पासपोर्ट सक्तीचा झाला. हल्लीचा पासपोर्टाचा कायदा १९६७ चा आहे. पासपोर्ट आपले सरकार देते. तो सांगतो की हा मनुष्य आमचा. व्हिसा परके सरकार देते. तो सांगतो की ह्यास आमच्याकडे अमुक कामासाठी, अमुक दिवस येऊ द्यावे. हा भेद मुलांनी पाठ करून ठेवावा, कारण ठकविणारे लोक नेमका ह्याच अज्ञानाचा लाभ घेतात. फेरफटक्याच्या व्हिसावर नेऊन ‘पुढे कामाचा मिळवून देऊ’ असे जो सांगेल त्यास घरात घेऊ नये. नोकरीचा करार कागदावर, पगाराच्या आकड्यासह, निघण्यापूर्वी हातात असावा. नेणाऱ्या दलालाची सरकारी नोंदणी तपासून पाहावी. आणि पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असल्यामुळे तो दुसऱ्याच्या कुलुपात ठेवू देऊ नये. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने जी व्यवस्था केली तिच्यात दहावी उत्तीर्ण न झालेल्या मजुरास आखाती व इतर काही देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागे, कारण फसविला जाणारा बहुधा तोच. दहावीचा दाखला केवळ भिंतीवर लावण्याकरिता नसतो, हे शाळा अर्ध्यावर सोडू पाहणाऱ्या मुलांनी ध्यानात घ्यावे. नेपाळास मात्र भारतीयांस व्हिसा लागत नाही; मतदाराचे ओळखपत्र चालते.

आता भाताचा प्रश्न. आपण धानाच्या मुलुखातील माणसे. भात नाही तर जेवण झाले असे वाटत नाही. जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश, इंडोनेशिया येथे भात भरपूर, फक्त जपानातला चिकट असतो व तो काड्यांनी खातात. आपल्यासारखा कालवून नव्हे. शाकाहारी मनुष्याची पंचाईत अधिक. जपानात भाजीच्या सारातही बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही मांस खाल्ले नाही. वाँटेजच्या मठात अंडी घातलेले गोड पदार्थही त्या घेत नसत, आणि तेथील भगिनींस ह्याचे नवल वाटे व थोडा रागही येई. नाही म्हणण्याचे धैर्य व ते गोड शब्दांत म्हणण्याची हातोटी ही दोन्ही असली म्हणजे कोणत्याही देशात मनुष्य उपाशी मरत नाही. एक डबाभर चटणी मात्र अवश्य न्यावी.

धर्माचा प्रश्न आम्हांस पालक जरा संकोचाने विचारतात, कारण आमची शाळा मिशनची. म्हणून उत्तर स्पष्ट द्यावे हे बरे. आनंदीबाई ख्रिस्ती लोकांत तीन वर्षे राहिल्या व बोलल्याप्रमाणे हिंदू म्हणून परत आल्या. त्यांच्या ‘मावशी’च्या मायेत त्यामुळे उणेपणा आला नाही. रमाबाईंनी ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून; आणि नंतरही मठातील गुरुभगिनी सांगतील ते सर्व त्यांनी निमूटपणे मानिले नाही. क्रुसावर लॅटिन शब्द कोरण्याचा तेथील परिपाठ त्यांस रुचला नाही. संस्कृत काय कमी पवित्र आहे, अशा अर्थाचा सवाल त्यांनी केला. ज्याची श्रद्धा समजून घेतलेली असते ती बोटीत किंवा विमानात गळून पडत नाही. जी केवळ शेजाऱ्यांच्या धाकाने चाललेली असते तिची गोष्ट निराळी. पण ती नागपुरासही गळेल.

ह्याला जोडून बेने इस्राएल लोकांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोकणात, विशेषतः कुलाबा जिल्ह्यात, हे यहुदी लोक शतकानुशतके राहिले. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शब्बाथ पाळून ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. लुगडे, मराठी कीर्तन, पुरणाची पोळी, सर्व त्यांनी घेतले. शनिवार मात्र सोडिला नाही. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक हळूहळू तिकडे गेले. आता तिकडे शनिवारची सुट्टी सर्वांनाच असते व रविवारी कचेऱ्या, शाळा चालू असतात. परंतु त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे मराठी बोलतात, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. इकडे असता त्यांनी तिकडचा वार जपला, तिकडे गेल्यावर इकडची भाषा जपली. मॉरिशस बेटावर गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मजुरीसाठी नेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. तेथे गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते. ह्या लोकांचे पूर्वज स्वखुशीने प्रवासास निघालेले विद्यार्थी नव्हते, करारपत्रावर अंगठा उठविणारे गरीब लोक होते, हे विसरू नये.

परक्या माणसाशी बोलावे की न बोलावे, असाही एक प्रश्न आहे. मुलांस आपण ‘गाडीत कोणाशी बोलू नको’ असे बजावतो, आणि लहान मुलांस ते योग्यच. परंतु १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत एक मराठी कवी बसला होता. समोरच्या परदेशी मिशनऱ्याशी त्याचे संभाषण झाले. काव्याविषयी झाले, धर्माविषयी झाले, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यास नव्या कराराची प्रत दिली. हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक. ती गाडी आपल्या गोंदिया स्टेशनावरूनच गेली असली पाहिजे, कारण नागपूर-राजनांदगावचा लोहमार्ग येथूनच जातो. पुढे टिळकांच्या जीवनास व मराठी ख्रिस्ती काव्यास जे वळण लागले ते सर्वांस ठाऊक आहे.

आणि परके लोक आपल्याशी कसे वागतील? पवित्र शास्त्रात प्रेषितांच्या कृत्यांचे सत्ताविसावे व अठ्ठाविसावे अध्याय भूगोलाच्या तासाला नकाशा पुढे ठेवून वाचण्यासारखे आहेत. पौलाचे तारू फुटले, माणसे भिजून काकडत मिलिता बेटावर, म्हणजे हल्लीच्या माल्टावर, लागली, आणि तेथील अनोळखी लोकांनी पावसात त्यांच्यासाठी शेकोटी पेटविली. असे लोक सर्वत्र भेटतात. रंगावरून तुच्छ लेखणारेही भेटतात. रमाबाईंनी अमेरिकेची स्तुती करणारे जे मराठी प्रवासवृत्त १८८९ साली प्रसिद्ध केले, त्यात तेथील गोऱ्या लोकांच्या काळ्यांविषयीच्या तिरस्कारावरही त्यांनी बोट ठेविले आहे.

पण ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास माल्टापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे; तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो लोक आले, आणि त्यांतील काहींस १९७२ साली येथे, त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात, जमीन देण्यात आली. हिमाच्या पठारावरील माणूस आमच्या मे महिन्याच्या उन्हात! ‘थंडी सोसेल काय?’ ह्याच्या उलट प्रश्न त्यांच्या आयांनी विचारला असेल. त्यांनी जंगलाकाठी शेती केली, मठ बांधिला, शाळा चालविली. अशा वसाहतींतील पुष्कळ लोक हिवाळ्यात गावोगाव लोकरीचे कपडे विकावयास बसतात. आपल्यांतील कितीकांनी त्यांच्याकडून स्वेटर घासाघीस करून घेतला असेल, पण ‘तुमचे गाव कोणते? तिकडे काय खाता? परत जावेसे वाटते काय?’ असे विचारले आहे काय? त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ पासपोर्ट नाही. परदेशी जावयाचे झाल्यास भारत सरकार त्यांस पिवळ्या रंगाचे एक ओळखपुस्तक देते. आपले निळे पुस्तक हातात असणे ही केवढी गोष्ट आहे, हे त्या पिवळ्या पुस्तकाकडे पाहिल्यावाचून समजत नाही.

राहिला आईचा प्रश्न: परत येईल काय? रमाबाई परत आल्या. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, जपान व हाँगकाँग पाहून, फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईस उतरल्या. ह्या मार्गाने त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली, आणि त्या मार्गाने पश्चिमेकडे जाणाऱ्याचा प्रशांत महासागरात एक वार गळतो, म्हणून त्यांच्या आयुष्यातून एक दिवस पंचांगाने काढून घेतला. बोस्टनच्या मित्रमंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे पत्करिले होते. ता. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, बाईंनी मुंबईस शारदासदन उघडिले. तेथे प्रथम दाखल झालेल्या विधवा मुलीचे नाव गोदूबाई. पुढे त्या धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. सर्वच परत येत नाहीत. जे येत नाहीत त्यांना दोष देण्यापूर्वी, परत येणाऱ्यासाठी आपण जिल्ह्यात कोणते काम ठेविले आहे, हेही वडीलधाऱ्यांनी पाहावे.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत पुढील उदाहरणे सोडवून आणावी. गोंदियास रविवारी सकाळचे १० वाजले असता न्यूयॉर्कास कोणता वार व किती वाजले असतील, हे एकदा डिसेंबरात व एकदा जुलैत धरून काढा. दोन्ही उत्तरांत वार निराळा का येतो ते लिहा. ता. २२ डिसेंबर रोजी दुपारी ज्या ठिकाणी सूर्य मुळीच दिसणार नाही अशी उत्तरेकडील सीमा कोणत्या अंशावर, ते वर दिलेल्या रीतीने शोधा. आणि अर्जुनी मोरगावच्या बाजूस ज्यांचे नातेवाईक असतील त्यांनी नोर्ग्येलिंग येथे जाऊन, वडील माणसांची परवानगी घेऊन, एका वृद्ध रहिवाशास पाच प्रश्न विचारावे व त्यांची उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून आणावी.